जेवण आदल्या रात्रीच उरका, आणि पर्स घरी ठेवा

अमेरिकन फुटबॉलची मॅच बघायला जाणाऱ्यांना कुणी कुणी सुचवतं, मॅच संपली की तसंच थेट स्टेकहाउस (स्टेक, म्हणजे भाजलेल्या मांसाच्या जाड तुकड्यांसाठीचं रेस्टॉरंट) गाठा. मला नाही पटलं. घड्याळात खेळ ६० मिनिटांचा, पण प्रत्यक्षात तीन तास सहज जातात, वर पार्किंगमधून गाडी बाहेर काढायची कसरत. तोवर भूक मेलेली आणि घसा बसलेला. लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला आम्ही कॅन्सस सिटीला गेलो तेव्हा जेवण शनिवारी रात्री आणि तिथल्या ॲरोहेड स्टेडियमवरची मॅच रविवारी, असं ठेवलं. मी हाडासकटचा स्ट्रिप स्टेक मीडियम रेअर, म्हणजे आतून गुलाबी, घेतला (वेलडन, म्हणजे पूर्ण शिजवलेला, मागवून चांगल्या मांसाची चप्पल करू नका, प्लीज). बायको बीफ खात नाही. तिने सॅमन आणि दोन मुठींएवढा भाजलेला बटाटा चवीने संपवला.

पण पर्सबद्दल कुणीच सांगत नाही. एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या) मैदानांवर २०१३पासून पारदर्शक पिशवीचा नियम आहे: जास्तीत जास्त १२ बाय ६ बाय १२ इंच. साधी पर्स न्यायची तर तळहाताएवढीच. मी हौसेने दिलेली नवीकोरी लेदरची पर्स घेऊन आम्ही गेटपर्यंत गेलो आणि ती गाडीत ठेवायला मलाच परत पळावं लागलं. पहिला टचडाउन (गोलसारखा स्कोअर) हुकला. आणि हो, कानात घालायचे बोळे न्याच. याच ॲरोहेडमध्ये २०१४ साली प्रेक्षकांच्या आरड्याओरड्याचा १४२.२ डेसिबलचा गिनेस विक्रम झालाय. आम्ही दोघं चार तास खाणाखुणांनीच बोलत होतो.