सायटोक्रोम सी : काम एक म्हणून साम्य, की पूर्वज एक म्हणून?
(ओंजळ, तळटीप आणि उंबरठा या टोपणनावांच्या तिघांचा संवाद)

ओंजळ
माणूस आणि चिंपांझी यांच्या सायटोक्रोम सी या प्रथिनातली १०४ च्या १०४ अमिनो आम्लं (प्रथिनाचे घटक) जुळतात. ऱ्हीसस माकडाशी एकाचा फरक, घोड्याशी १२. हा समान पूर्वजाचा पुरावा मानतात. पण हे प्रथिन सगळीकडे इलेक्ट्रॉन पोचवायचंच काम करतं. काम तेच, म्हणून घडण तीच, असं का म्हणू नये?

तळटीप
आक्षेप रास्त आहे, पण तो यीस्टपाशी अडतो. यीस्टचं सायटोक्रोम सी आपल्याहून साधारण ४० टक्के वेगळं. तरी त्याची स्वतःची जनुकं काढून माणसाचं बसवलं, तर यीस्टचं श्वसन चालतं. हीमला, म्हणजे प्रथिनातल्या लोहयुक्त भागाला, धरणाऱ्या जागांवरची अमिनो आम्लं (१४ आणि १७ ची सिस्टीन, १८ ची हिस्टिडीन, ८० ची मेथिओनीन) हलवता येत नाहीत. बाकी बऱ्याच जागी बदल खपतो. म्हणजे चिंपांझीचं प्रथिन आपल्याहून बरंच वेगळं असूनही चाललं असतं. ते तसं नाही, याचं उत्तर कामात सापडत नाही.

उंबरठा
मी तर मोडक्या जनुकापासून सुरुवात करेन. उंदराच्या यकृतात क जीवनसत्त्व बनवण्याची शेवटची पायरी गुलो एन्झाइम करतं. आपल्या ८ व्या गुणसूत्रावर ते एन्झाइम बनवणाऱ्या जनुकाचे अवशेष पडून आहेत, एन्झाइम काही बनत नाही. माकडं आणि वानरांचीही तीच गत. लेमूर या त्यांच्या दूरच्या नातेवाइकात मात्र ते जनुक शाबूत आहे. जे कामच करत नाही, त्याला ‘काम सारखं’ कसं लावणार? गिनी पिगमध्येही ते मोडलंय, पण स्वतंत्रपणे, आणि मोडतोडीची तऱ्हा वेगळी.

ओंजळ
पटलं. घोड्याशी असलेल्या १२ फरकांचा आकडा स्वतः मोजायचा तर?

तळटीप
युनिप्रॉट या प्रथिनांच्या ऑनलाइन माहितीसंग्रहात माणसाच्या सायटोक्रोम सीचा क्रमांक पी ९९९९९. घोड्याचा पी ००००४. दोन्ही निवडून ‘अलाइन’ दाबा, म्हणजे दोन्ही क्रम एकाखाली एक लागतात. तिथे लांबी १०५ दिसेल, कारण सुरुवातीची मेथिओनीन धरलेली असते. पेशीत ती कापली जाते. म्हणून वर दिलेली १४ नंबरची सिस्टीन तिथे १५ वर सापडेल. डीएनए घेऊन शोधू नका, माणसाच्या जीनोममध्ये या जनुकाच्या मृत नकला डझनावारी आहेत आणि त्याच आधी अंगावर येतात.

उंबरठा
हिमोग्लोबिन घेतलंत तर त्यात अल्फा आणि बीटा अशा दोन तऱ्हेच्या साखळ्या असतात, तेव्हा अल्फा साखळी अल्फाशीच लावा. माणसाची अल्फा आणि घोड्याची बीटा लावली, की फरक भरमसाट येतो. तो घोडा-माणसाच्या फाट्याचा नसतो, त्याच्या कितीतरी आधी एका जनुकाची दोन झाली त्याचा असतो.