रविवारचा निवांत ब्रंच: बुफे घ्यावा की मेनूवरून मागवावे?

प्रश्न:
येत्या रविवारी आम्ही सहा जण, त्यांत वयस्कर आईवडील आणि एक लहान मूल, ब्रंचला, म्हणजे न्याहारी आणि दुपारचे जेवण एकत्र करायला, बाहेर जाणार आहोत. खाण्याइतकाच गप्पांनाही वेळ मिळावा, अशी इच्छा आहे. मागच्या वेळी ताटल्या रिकाम्या होण्याआधीच बिल टेबलावर आले आणि सगळ्यांचा हिरमोड झाला. बुफे बरा की मेनूवरून मागवणे, आणि किती वाजता जावे?

प्रतिसाद १:
आरक्षण करतानाच टेबल किती वेळासाठी मिळणार आहे, हे स्पष्ट विचारून घ्यावे. गर्दीच्या ठिकाणी बहुधा दीड-दोन तासांच्या बैठका ठरलेल्या असतात आणि पुढच्या बैठकीची मंडळी दाराशी ताटकळू लागली, की वेटरचाही नाइलाज होतो. शेवटची बैठक घेतल्यास आपल्यामागून कोणी येणार नसते; मात्र तोवर बुफेतली भांडी पुन्हा भरणे बऱ्याचदा बंद झालेले असते, त्यामुळे त्या वेळी मेनूवरूनच मागवलेले बरे.

प्रतिसाद २:
बुफेच घ्यायचा असेल, तर ताटली उचलण्याआधी एक फेरी मारून पाहावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेनुसार गरम पदार्थ ६० अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली राहायला हवेत, तर शिजवलेले अन्न साध्या तापमानाला २ तासांपेक्षा जास्त वेळ ठेवू नये. झाकण उचलल्यावर वाफ येते का आणि कापलेली फळे बर्फावर आहेत का, एवढे पाहिले तरी बराच अंदाज येतो. हॉलंडेझ सॉस घातलेली अंडी मात्र बुफेत मी घेत नाही, कारण बलक आणि लोण्याचा तो सॉस जास्त तापला की फुटतो, म्हणून तो कोमटच ठेवावा लागतो आणि तासन्‌तास कोमट राहिलेल्या अंड्यांवर माझा विश्वास नाही.

प्रतिसाद ३:
वरील दोन्ही मतांत लहान मुलाचा विचार राहून गेला आहे. भूक लागलेले मूल अर्धा तास थांबत नाही. बुफेत त्याला लगेच काहीतरी भरवता येते. उलट आईवडिलांना भरलेली ताटली सांभाळत चार फेऱ्या मारणे जड जाते. मेनूवरून मागवायचे ठरल्यास मुलाचे आधी सांगावे, मग कॉफी आणि बाकीचे टप्प्याटप्प्याने मागवावे, म्हणजे टेबल अडवून बसल्यासारखेही वाटत नाही. तसेही १८९५ साली गाय बेरिंजर या इंग्रज लेखकाने ब्रंचची बाजू मांडली, तीच मुळी शनिवारी रात्री जागणाऱ्यांना रविवारी उशिरा उठता यावे म्हणून. तेव्हा घाई करणाऱ्या रेस्टॉरंटला ब्रंचचा फलक लावण्याचा अधिकारच नाही, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे आभार. शेवटची बैठक मुलाच्या झोपेच्या वेळेत येते, त्यामुळे पहिलीच घेऊन मेनूवरून मागवू आणि किती वेळ बसता येईल, हे आजच फोन करून विचारतो.