नवशिक्याने बास (गोड्या पाण्यातला मासा) पकडायला बेटकास्टर रील घेऊच नये. पटत नसेल तर भांडा!

प्लेनोकर

गेल्या महिन्यात ऑफिसातल्या दोन मराठी पोरांना घराजवळच्या तळ्यावर घेऊन गेलो. दोघांनीही व्हिडिओ बघून बेटकास्टर आणलेले. साडेसहाला पोचलो, साडेनऊपर्यंत होतो. तेवढ्यात एकेकाने नीट असं दहा-बारा वेळाच फेकलं असेल. बाकी वेळ दोघं खाली मान घालून दोऱ्याचा गुंता सोडवत होते, आजी सुपातल्या तांदळातले खडे निवडायची तसे. मासे पन्नास फुटांवर उड्या मारत होते.

रील म्हणजे दोरा गुंडाळायची चरखी, बेटकास्टर आणि स्पिनिंग हे तिचे दोन प्रकार. ज्यांना फरक माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्पिनिंग रीलचा स्पूल (दोऱ्याचं रीळ) जागचा हलत नाही, दोरा त्याच्यावरून वेटोळी होऊन सुटतो. बेटकास्टरचा स्पूल स्वतः गरगरतो. लुअर (खोटं आमिष) हवेत मंदावला किंवा पाण्यात पडला तरी स्पूलला ते कळत नाही, तो फिरतच राहतो आणि दोरा आतल्या आत फुगतो. त्यालाच बॅकलॅश म्हणायचं. अंगठ्याने वेळेवर दाबता आलं पाहिजे, आणि तो अंगठा पहिल्या दिवशी कोणाकडेच नसतो.

माझं म्हणणं एवढंच की पहिलं वर्ष सात फुटी मीडियम (मध्यम ताकदीचा) स्पिनिंग रॉड, २५०० नंबरचा रील, त्यावर १० पौंडी ब्रेड (विणलेला दोरा, पौंड म्हणजे तो पेलतो तो ताण) आणि पुढे सहा-सात फूट ८ पौंडी फ्लोरोकार्बन (पारदर्शक दोरा). लुअर एकच, पाच इंची सेन्को. गळ टोकाला नाही, बरोबर मध्यावर लावायचा. याला वॅकी रिग म्हणतात. वजन काही लावायचं नाही. टाकलं की तो रबरी किडा दोन्ही टोकं थरथरवत हळूहळू खाली जातो. तुम्ही काही करू नका. खरंच, काहीही करू नका. दोऱ्याकडे बघत राहा. तो टचकन उडाला किंवा उगाच बाजूला सरकायला लागला की ढील गुंडाळून रॉड मागे ओढा. माझे निम्म्याहून जास्त मासे असेच आलेत.

फोर्कवेडा

प्लेनोकर, तुमच्या तळ्यात ठीक आहे हो. घरांच्या मागच्या तळ्यात दोन पौंडाचा मासा, भोवती कापलेलं गवत, पाण्यात फार तर शेवाळ. एकदा लेक फोर्कवर या. पाण्यात उभी वाळलेली झाडं, आणि खाली हायड्रिला या पाणवनस्पतीचं रान. मासा त्या रानाच्या आत बसतो, बाहेर तुमची वाट बघत नाही.

मीही तुमच्यासारखाच स्पिनिंगवाला होतो. तिसऱ्या वर्षी एप्रिलात एका ओंडक्याच्या कडेला मासा लागला. किती मोठा ते सांगत नाही, सांगितलं तर सगळे हसतील. ८ पौंडी दोरा. त्याने डोकं खाली घातलं, हायड्रिलात शिरला, ड्रॅग (ताण आला की दोरा सोडणारा रीलचा ब्रेक) कर्र करून ओरडला आणि मग काही नाही. नुसता हिरवा पाला ओढून आणला. त्या रात्री बेटकास्टर मागवला.

आता माझा सेटअप सात फुटी मीडियम-हेवी आणि १७ पौंडी फ्लोरोकार्बन. बेडूक-लुअर वेलींवरून ओढायचा असेल तर ५० पौंडी ब्रेड. जाड दोरा स्पिनिंगच्या स्पूलवर नीट बसत नाही, उसळून बाहेर येतो. टेक्सस रिगमध्ये गळाचं टोक रबरात लपवलेलं असतं, ते रबर फोडून माशाच्या जबड्यात घुसवायला दांड्यात दम लागतो. तुमच्या मीडियम स्पिनिंगने झटका मारलात तर रॉड वाकतो आणि मासा मजा बघतो.

टेक्ससचा विक्रमी बास १८.१८ पौंडाचा, जानेवारी १९९२, याच फोर्कमधला. अशा पाण्यात जायची इच्छा असेल तर अंगठा आजच तयार करायला लागा.

लॅनियरकाठ

दोघेही टेक्ससचे, म्हणून दोघांनाही जग गढूळच दिसतं. 😄

मी अटलांटाच्या वर, लेक लॅनियरला जातो. इथे स्पॉटेड बास (बासचीच एक जात) जास्त, आणि पाणी इतकं स्वच्छ की मासा लुअरच्या मागे येतो, दोन फुटांवर थांबतो, बघतो आणि परत जातो. हे डोळ्यांनी बघितल्यावर माणूस नम्र होतो. उन्हाळ्यात ते तीस-चाळीस फूट खोल असतात. ड्रॉप शॉट लावायचा, म्हणजे वजन दोऱ्याच्या शेवटी आणि त्याच्या फूटभर वर छोटा गळ. ७ पौंडी फ्लोरोकार्बन. एवढं हलकं बेटकास्टरने फेकून दाखवा, मी वडापाव देतो.

फोर्कवेडा

ड्रॉप शॉट बोटीतून सरळ खाली सोडायचा असतो राव, फेकायचा कुठे. वडापाव काढा.

लॅनियरकाठ

मी किनाऱ्यावरून, खडकांवर उभा राहून टाकतो. बोट नाही माझ्याकडे. वडापाव इथेच आहे.

शिल्पा_ह्यूस्टन

तुम्ही सगळे एक गोष्ट विसरताय. हँडल कोणत्या बाजूला?

स्पिनिंग रीलचं हँडल काढून दुसऱ्या बाजूला लावता येतं. बेटकास्टरचं नाही येत. घेतानाच डावा की उजवा ते ठरवावं लागतं. मला हे माहीत नव्हतं. दुकानात काउंटरवरच्या माणसाने विचारलंही नाही, शेल्फवरचा पहिला डबा उचलून दिला. घरी आल्यावर कळलं की हँडल उजवीकडे. मी उजव्या हाताने फेकते, म्हणजे फेकलं की रॉड डाव्या हातात घ्यायचा आणि उजव्याने गुंडाळायचं. बरेच जुने लोक तसंच करतात म्हणे. मला जमेना. सेन्को पाण्यात पडल्या पडल्या मासा लागतो आणि माझी हातांची अदलाबदलच चालू! बिल हरवलं होतं, दुकानाने परत घेतला नाही.

मग डावा घेतला आणि शिकले. बेटकास्टर शिकता येतो, प्लेनोकरकाका, तुम्ही उगाच बाऊ करताय. पण तळ्यावर नाही शिकायचं, अंगणात शिकायचं. मी काय केलं ते सांगते. पाऊण औंसाचं रबरी वजन बांधलं. स्पूलच्या बाजूची छोटी चकती इतकी घट्ट केली की स्पूल मोकळा करायचं बटण दाबल्यावर वजन सावकाश खाली उतरेल आणि जमिनीला टेकलं की स्पूल थांबेल. ब्रेक सगळ्यात वर. मग हाताने तीसेक यार्ड दोरा बाहेर काढला, स्पूलवर राहिलेल्या दोऱ्यावर इलेक्ट्रिकची चिकटपट्टी लावली आणि दोरा परत गुंडाळला. गुंता झाला तरी पट्टीच्या खाली जात नाही. रोज वीस मिनिटं. दुसऱ्या आठवड्यात ब्रेक एकेक घर कमी करायला लागले.

आणि गुंता झालाच तर ओढाओढी करायची नाही. अंगठ्याने स्पूल जोरात दाबून धरायचा, हँडल तीन-चार फेरे फिरवायचं, मग बटण दाबून दोरा अलगद ओढायचा. दहातले सात गुंते सुटतात. उरलेल्या तिनांना कात्री.

प्लेनोकर

शिल्पाताई, चिकटपट्टीची युक्ती भारी आहे, त्या पोरांना सांगतो. पण तुम्ही माझाच मुद्दा सिद्ध केलात. दोन रील, दोन आठवडे अंगण, आणि मासा अजून शून्य. स्पिनिंगवर माझ्या पुतणीला चौथ्या फेकीत मासा लागला. नऊ वर्षांची आहे. सतरा वर्षांखाली टेक्ससात लायसन्स लागत नाही, त्यामुळे तो खर्चही नाही. तिला पुढच्या शनिवारी परत यायचंय. गुंता सोडवत बसली असती तर आली असती?

फोर्कवेडा

पुतणीचा मुद्दा मान्य. लहान मुलांना स्पिनिंगच. मोठ्या माणसांचं माझं मत कायम.

रेवदंड्याचा_गरीवाला

नमस्कार मंडळी. मी अमेरिकेत नाही, बासही कधी बघितला नाही, पण वाचून हात शिवशिवले. आमच्याकडे खाडीत जिताडा गरवतात. बाबा अजून हातदोरीच वापरतात, दांडा वगैरे नाही, बोटावर दोरी. गुंता झाला तर दोरीचा होतो, रीलचा नाही, त्यामुळे ते तुमच्या या वादावर नुसते हसतील. मी स्पिनिंग वापरतो, ३० पौंडी ब्रेड.

दोन शंका. एक, पुढे ८ पौंडाचा लीडर ऐकून धस्स झालं. जिताड्याच्या कल्ल्याची कड ब्लेडसारखी असते, आम्ही ४० पौंडी लावतो तरी कधी कधी कापतो. बास कापत नाही का? दोन, पकडून सोडता म्हणे. मग पकडता कशाला?

लॅनियरकाठ

दादा, बासचे दात म्हणजे बारीक सँडपेपर. खालचा ओठ अंगठ्याने धरून उचलायचा, अंगठा थोडा खरवडतो इतकंच. दोरा तुटतो तो खडकावर घासून नाहीतर गाठ कच्ची असेल तर. गाठ ओली करून मगच आवळा, फ्लोरोकार्बन कोरडा आवळला की तापून कमजोर होतो.

सोडण्याबद्दल: सक्ती नाही. टेक्ससात बहुतेक तलावांवर लार्जमाउथ (तिकडची बासची जात) १४ इंचांच्या वर असेल तर दिवसाला पाच ठेवता येतात. पण बास चवीला साधारण, आणि मोठा व्हायला वर्षं लागतात. खायचं असेल तर इथे क्रॅपी किंवा कॅटफिश.

रेवदंड्याचा_गरीवाला

म्हणजे तिकडे कोणी कालवण करतच नाही?

फोर्कवेडा

करतात की. जगातला विक्रमी बास, जॉर्ज पेरीने २ जून १९३२ ला जॉर्जियात पकडलेला, २२ पौंड ४ औंस, तो घरच्यांनी खाल्ला असंच सांगतात. मंदीचे दिवस होते. त्या विक्रमाशी बरोबरी व्हायला २००९ उजाडलं, जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता. आणि हे वाचून प्लेनोकर खूश होतील: कुरिताने सेन्को नाही, रबर नाही, जिवंत ब्लूगिल (छोटा मासा) लावला होता.

प्लेनोकर

खूश कशाला, उलट राग आला. इतकं रबर घेऊन ठेवलंय गॅरेजमध्ये.

शिल्पा_ह्यूस्टन

माझा तो उजव्या हँडलचा बेटकास्टर अजून डब्यात पडून आहे, पाच-सहा वेळाच वापरलाय. कोणी डावखुरा असेल तर पोस्टाचा खर्च देऊन घेऊन जा. प्लेनोकरकाका सोडून कोणीही.

प्लेनोकर

मी डावखुराच आहे हो. पत्ता मेसेज करतो. पुतणीला सांगू नका.