एअर शोमध्ये रुमाल टाकून धरलेली जागा कोणाची?

कठड्यामागचा (धागाकर्ता)

१२ ते १४ जानेवारी २०२४ या तीन दिवसांत मरीन ड्राइव्हसमोरच्या समुद्रावर हवाई दलाच्या कसरती झाल्या. सूर्यकिरण पथकाची नऊ हॉक विमाने, सारंग पथकाची ध्रुव हेलिकॉप्टरे, आकाशगंगा पथकाचे पॅराशूटने उतरणारे जवान असा सगळा थाट होता आणि पाहायला पैसे पडत नव्हते. शेवटच्या दिवशी, रविवारी, मी बहात्तर वर्षांच्या आईला घेऊन बोरिवलीहून निघालो आणि दहाच्या सुमारास मरीन लाइन्सला उतरून कठड्यापाशी पोहोचलो. कठड्यावर माणसे तुरळक होती, पण जागा मात्र एकही नव्हती. ओढण्या, सतरंज्या, वर्तमानपत्राचे कागद आणि ते उडू नयेत म्हणून त्यांवर ठेवलेल्या पाण्याच्या बाटल्या यांची रांग लागली होती आणि दर दहा-बारा फुटांवर एखादे पोर राखणीला बसवलेले होते. आईला थोडे टेकू दे, असे मी त्यांतल्या एका मुलाला म्हणालो, तेव्हा त्याने चिवड्याची पुडी खाली ठेवली, सतरंजी दोन्ही हातांनी सारखी केली आणि सांगितले, "आमचे आठ जण यायचेत."

ते आठ जण बाराला पाच मिनिटे कमी असताना आले. येऊन बसले असते तर मी हा धागा काढलाच नसता. पहिली हेलिकॉप्टरे दिसताच ते कठड्यावर उभे राहिले आणि ऊन लागते म्हणून त्यांतल्या दोघींनी छत्र्या उघडल्या. आईने त्या दिवशी सूर्यकिरणची नऊ विमाने फारशी पाहिलीच नाहीत, तिने एका जांभळ्या छत्रीच्या आठ काड्या पाहिल्या.

माझे म्हणणे असे की, जिथे तिकीट नाही आणि आसनाला क्रमांक नाही, तिथे जागा शरीराने धरली जाते, कापडाने नाही. पाणी आणायला किंवा लघुशंकेला गेलेल्याची जागा शेजाऱ्याने राखावी, हे मला मान्य आहे, परंतु एका मुलाने आठ जणांची जागा दोन तास अडवावी, याला शिष्टाचार म्हणता येणार नाही. दुसरे असे की, जो पुढे आहे त्याने बसलेच पाहिजे, कारण पुढची जागा त्याला मागच्यांच्या सोसण्यावर मिळालेली असते. आणि तिसरे, कसरती चालू असताना छत्री मिटलेली असावी. टोपी घाला, उपरणे घ्या, रुमाल ओला करून डोक्यावर टाका. एका तासाचा तर प्रश्न असतो.

दुर्बीण

आपल्या आईंना नीट पाहता आले नाही याचे वाईट वाटले, पण आपल्या पहिल्या मुद्द्याशी मी पूर्णपणे असहमत आहे. कापडाने जागा धरणाऱ्यांपैकीच मी एक आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही. त्याच रविवारी आम्ही कल्याणहून पहाटेची गाडी पकडून सातच्या आत तिथे पोहोचलो होतो. वडिलांना मधुमेह आहे. दर तासाला त्यांना कोणीतरी हात धरून स्वच्छतागृहापर्यंत न्यावे लागते, तिथे रांग असते, परतताना गर्दीतून वाट काढावी लागते आणि यात अर्धा तास सहज जातो. सहा माणसांनी पाच तास एका जागी खिळून राहावे, तरच ती जागा त्यांची, अशी आपली अट असेल तर ती फक्त धडधाकट तरुणांना परवडणारी अट आहे.

आणि रुमालाला एवढे हिणवू नका. एसटीच्या खिडकीतून सीटवर टाकलेला रुमाल कोणत्या कायद्यात बसतो? कुठल्याच नाही. तरीही आत चढलेला माणूस तो रुमाल पाहून पुढच्या सीटकडे जातो, कारण रुमाल मानला नाही तर मग कोपर मानावे लागेल, हे सगळ्यांना ठाऊक असते. आपण ज्या सतरंजीला अन्याय म्हणता, ती नसती तर बाराला पाच मिनिटे कमी असताना तिथे ढकलाढकली झाली असती आणि तिच्यात आपल्या आईंचा टिकाव लागला नसता.

रांगेतला शेवटचा

दोघेही कठड्यासाठी भांडत आहात आणि कठडा ही काही फार चांगली जागा नव्हे, हे कोणी सांगत नाही म्हणून मी सांगतो.

जानेवारीत दुपारी बारा-एकच्या सुमारास मुंबईत सूर्य दक्षिणेला, क्षितिजापासून साधारण पन्नास अंशांवर असतो. मरीन ड्राइव्हचे दक्षिण टोक नरिमन पॉइंटला आणि उत्तर टोक गिरगाव चौपाटीला. कसरती करणारे पथक प्रेक्षकांच्या रांगेच्या मध्यावरचा एक बिंदू धरून सगळ्या आकृत्या बेतते. म्हणजे जो चौपाटीकडच्या अंगाला बसला, तो तासभर दक्षिणेकडे, थेट उन्हात डोळे मिचकावत पाहत राहिला. जो नरिमन पॉइंटच्या अंगाला, अगदी मागे, फुटपाथवर उभा होता, त्याच्या पाठीशी सूर्य होता आणि विमानांवर लख्ख उजेड. मी तिथे साडेअकराला पोहोचलो आणि मला सगळे दिसले.

आता छत्रीचा हिशेब. माझ्यापुढे दहा फुटांवर माझ्याहून फूटभर उंच माणूस उभा असेल, तर तो माझ्या डोळ्यांपुढचे क्षितिजालगतचे जेमतेम सहा अंशांचे आकाश झाकतो. पाचशे मीटर दूर आणि शंभर मीटर उंच उडणारे विमान अकरा अंशांवर दिसते, म्हणजे त्याच्या डोक्यावरून सहज दिसते. पण पाच फुटांवर कोणी छत्री उघडली आणि तिचे टोक माझ्या डोळ्यांहून तीन फूट वर गेले, तर तीस अंशांपर्यंतचे आकाश संपले, आणि अगदी जवळून जाणारे विमान त्याच पट्ट्यातून जाते. खाली बसलेल्या माणसापुढे कोणी उभे राहिले, तरी नुकसान जवळपास तेवढेच. थोडक्यात, सगळे उभे असले तरी दिसते आणि सगळे बसले तरी दिसते. निम्मे बसलेले आणि निम्मे उभे, हीच वाईट अवस्था.

माहेर चेन्नई

छत्री मिटण्याची सक्ती वाचून राहवले नाही, म्हणून लिहिते.

६ ऑक्टोबर २०२४ रोजी हवाई दलाच्या ९२व्या वर्धापनदिनानिमित्त चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर अकरा ते एक या वेळेत कसरती झाल्या. सुमारे पंधरा लाख लोक आले होते, असे सांगितले गेले. त्यांतले पाच जण त्या दिवशी दगावले आणि शेकडो लोकांना उन्हाचा व पाण्याच्या कमतरतेचा त्रास झाला. ज्यांनी छत्र्या आणल्या होत्या, त्यांनी त्या उघडल्या होत्या, आणि त्यांच्यापाठीमागच्या कोणाला विमान दिसले नसेल तर नसेल. वाळूवर, सावलीचा कण नसताना, कसरतींच्या तीन तास आधीपासून बसलेल्या माणसाला "एका तासाचा तर प्रश्न असतो" असे म्हणायला मी धजावणार नाही. आपण मुंबईच्या जानेवारीवरून नियम करत आहात, धागाकर्ते दादा, आणि तो नियम चेन्नईच्या ऑक्टोबरला लावला तर त्याने माणसे आजारी पडतील.

बसण्याच्या आग्रहालाही माझा विरोध आहे. कार्यक्रम संपला की सगळे एकाच वेळी उठतात, एकाच दिशेने निघतात. त्या दिवशी वेळाचेरीच्या आणि चिंताद्रिपेटच्या स्थानकांत फलाटावर पाऊल ठेवायला जागा नव्हती. अशा वेळी वाटेत पसरलेल्या सतरंज्या, बॅगा, मांडी घालून बसलेली कुटुंबे ही पायांत अडकणारी गोष्ट असते. सतरंजी कोणाच्या हक्काची यापेक्षा दोन सतरंज्यांमधून स्ट्रेचर जाईल का, हे आधी पाहावे.

स्विंडनचा गोंयकार

इकडे इंग्लंडात हाच वाद खुर्च्यांवरून चालतो. आमच्या स्विंडनमध्ये गोव्याची माणसे पुष्कळ आहेत आणि इथून तासाभराच्या आत फेअरफर्डचा हवाई तळ आहे. तिथे जुलैत तीन दिवस रॉयल इंटरनॅशनल एअर टॅटू हा एअर शो भरतो. तिकिटे आगाऊ काढावी लागतात, दारावर मिळत नाहीत, आणि ग्रँडस्टँडमध्ये बसायचे तर वेगळे पैसे. बाकीच्यांसाठी मोकळे गवत आणि एक दोरी. दार उघडले की शिस्तप्रिय म्हणून गाजलेले हे लोक घडीच्या खुर्च्या काखेत मारून लगबगीने दोरीकडे निघतात, खुर्च्या मांडतात आणि उभी करून ठेवलेली विमाने पाहायला निघून जातात. मी एकदा दोन तास एका रिकाम्या निळ्या खुर्चीमागे उभा होतो. खुर्चीला कोणी हात लावला नाही, मीही नाही. दोन तासांनी खुर्चीचे मालक आइस्क्रीम खात आले, मला म्हणाले, "दिसतंय ना तुम्हाला नीट?" आणि बसले. त्यांनी विचारल्यामुळे माझा राग गेला, हे कबूल करायला हवे.

पुढच्या जागेच्या मोहाबद्दल एवढेच सांगतो की, ती दोरी दिसण्यासाठी नसते, जिवासाठी असते. १९५२मध्ये फार्नबरोला डीएच ११० हे विमान हवेतच तुटले आणि त्याचे भाग गर्दीत येऊन पडले. वैमानिक व त्याचा साथीदार धरून ३१ माणसे गेली. त्यानंतर इथे प्रेक्षकांपासूनच्या अंतराचे नियम कडक झाले. १९८८मध्ये जर्मनीत रामस्टाइनला इटालियन पथकाची विमाने एकमेकांवर आदळली आणि त्यांतले एक गर्दीत कोसळले, ७० जण गेले. विमान आता मुद्दामच दूर ठेवलेले असते. दोरीपासून ते शेकडो फुटांवर आहे आणि पहिल्या व पाचव्या ओळीत फरक पंधरा-वीस फुटांचा. त्या वीस फुटांसाठी आपण पहाटे चारला उठतो.

कठड्यामागचा (धागाकर्ता)

चेन्नईच्या ताईंचे म्हणणे पटले, त्यामुळे छत्रीबाबतचा आग्रह मी मागे घेतो, मात्र अर्धाच. कसरती सुरू होण्याआधीच्या तीन तासांत छत्री हवीच, आणि ज्याला चक्कर येते आहे त्याने ती कधीही उघडावी. पण ज्याला छत्री सोडवत नाही त्याने मागे जावे. मागच्या ओळीतल्या छत्रीने कोणाचेच आकाश झाकले जात नाही, हे "रांगेतला शेवटचा" यांच्या हिशेबावरूनच सिद्ध होते.

रुमालाबाबत मात्र मी ठाम आहे. "दुर्बीण" यांनी एसटीचे उदाहरण दिले, ते त्यांच्याच विरोधात जाते. एसटीतल्या रुमालाचा मालक त्याच गाडीच्या दाराशी धक्के खात चढत असतो आणि दोन मिनिटांत सीटवर येऊन बसतो. एका रुमालाला एक सीट, फार तर बाकावरच्या दोन. ज्याचा रुमाल आहे पण माणूस अजून शहाडला आहे, त्याची सीट कल्याणच्या स्टँडवर कोणी राखत नाही.

बेंगळुरू मुक्काम

तिकीट लावा म्हणजे भांडण मिटेल, असे कोणी सुचवण्याआधीच लिहितो. येलहंकाच्या एरो इंडिया या हवाई प्रदर्शनात २०२५ साली फक्त हवाई कसरती पाहण्याच्या विभागाचे तिकीट एक हजार रुपये होते. हजार रुपयांत आत जायचा हक्क मिळतो, पायाखालच्या विशिष्ट चौरस फुटाचा नाही, आणि पैसे मोजलेला माणूस फुकट आलेल्या माणसाहून जास्त हट्टी असतो. त्या वर्षी एकाच तळावर रशियाचे सुखोई-५७ आणि अमेरिकेचे एफ-३५ ही लढाऊ विमाने आली होती. माझ्या पुढचे गृहस्थ मोबाइल दोन्ही हातांनी डोक्यावर धरून सगळे उड्डाण चित्रित करत होते, त्यामुळे मी सुखोई त्यांच्या सहा इंची पडद्यावर पाहिले. छत्रीवर एवढे बोललात, आता या वर धरलेल्या हातांवरही बोला.

तिपाई

छायाचित्र काढणाऱ्यांना कोणी शिव्या घालण्याआधी: वेगाने जाणाऱ्या विमानामागे कॅमेरा हातानेच फिरवावा लागतो, तिपाईचा तिथे उपयोग नाही. जो गर्दीत तिपाई उघडून तीन माणसांची जागा अडवतो, तो नवशिका असतो. नाव तिपाई असूनही हे लिहितो आहे.

दुर्बीण

धागाकर्त्यांनी शहाडचा दाखला दिला, तो मला लागला. आठ जण घरी आणि एक पोर कठड्यावर, हे मीही केलेले नाही आणि त्याचे समर्थनही करत नाही. आम्ही सहाही जण सातला हजर होतो. हजर असलेल्या माणसाचा रुमाल आणि गैरहजर माणसाचा रुमाल यांत आपण फरक करत असाल, तर आपले भांडण निम्मे संपले.

उरलेले निम्मे असे. त्या दिवशी आमच्यामागेही एक आजी उभ्या होत्या. त्यांच्या मुलाने येऊन "कठडा तुमच्या बापाचा नाही" असे सुनावले आणि मी जागचा हललो नाही. आजींनी स्वतः पाण्याची बाटली पुढे करून "जरा हिच्यावर झाकण बसवून दे रे, माझ्या बोटांत जोर नाही" असे म्हटले, तेव्हा माझी बायको आपोआप सरकली आणि आजी तासभर आमच्या सतरंजीवर बसल्या. त्या आपल्या आई नसाव्यात, कारण आमच्या आजूबाजूला जांभळी छत्री नव्हती. पुढच्या वेळी मी पुन्हा सातला येईन आणि पुन्हा सतरंजी टाकीन. आपणही या, पण नियम दाखवत येऊ नका.