ढालीचा धक्का आधी की वार आधी? अधिकृत निवाडा नेमका कोणता धरावा?

ढालकरी:
आमचा पाच जणांचा गट गेली दोन वर्षे पुण्यात दर शनिवारी रात्री डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा फाशांवर चालणारा, पात्रे वठवण्याचा खेळ खेळतो आणि आम्ही अजून २०१४ च्याच नियमांवर आहोत. माझ्या फायटरकडे, म्हणजे योद्धा पात्राकडे, शील्ड मास्टर ही फीट (पात्राला मिळणारे खास कौशल्य) आहे. आपल्या पाळीत ॲटॅक ॲक्शन (वार करण्याची मुख्य कृती) घेतल्यास बोनस ॲक्शन (जादा छोटी कृती) वापरून पाच फुटांच्या आतील शत्रूला ढकलता येते, असे तिच्या मजकुरात आहे. मी नेहमी आधी ढकलून शत्रूला आडवा पाडतो आणि मग ॲडव्हांटेजने, म्हणजे दोन फासे टाकून मोठा आकडा धरत, वार करतो. गेल्या शनिवारी समोरचा राक्षस, ओग्र, पडला, मी दुसरा फासा हातात घेतला, आणि तेवढ्यात डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, मोबाइल पुढे केला. त्यावर नियमांचे तत्कालीन मुख्य रचनाकार जेरेमी क्रॉफर्ड यांचे २०१८ चे ट्वीट होते: धक्का वारानंतरच. मी शोधले, तर त्यांचेच २०१५ चे उत्तर सापडले, ज्यात क्रम खेळाडूवर सोपवलेला आहे. अर्धा तास वादात गेला. अधिकृत म्हणायचे तरी कोणते?

पडद्यामागचा:
दोन्हींपैकी एकही नाही. जानेवारी २०१९ मध्ये क्रॉफर्ड यांनीच स्पष्ट केले की त्यांची ट्वीट अधिकृत निवाडे नाहीत. अधिकृत ते फक्त सेज ॲडव्हाइस कंपेंडियम या नियमांवरील प्रश्नोत्तरांच्या संकलनातले. मात्र आपल्या दुर्दैवाने या फीटचा प्रश्न त्या संकलनातही आहे आणि उत्तर डीएमच्या बाजूचे आहे: ॲटॅक ॲक्शन घेणे ही पूर्वअट असल्याने ती घेण्याचा नुसता इरादा पुरत नाही. म्हणजे आपल्या डीएमचे म्हणणे बरोबर होते, कागद तेवढा चुकीचा दाखवला.

माझा आक्षेप निवाडा बदलण्याला नाही. चूक उमगल्यावर ती दुरुस्त करणारा माणूस मला अधिक भरवशाचा वाटतो. पण पुस्तकातले वाक्य तेच राहिले, एक अक्षरही बदलले नाही, आणि तीन वर्षे लोकांनी ज्या वाचनावर आपली पात्रे बेतली ते वाचन उलटले. त्यामुळे मी निवाडा वाचताना तो कोणी दिला हे न पाहता मूळ मजकुरातील कोणत्या शब्दावर तो उभा आहे ते शोधतो. या प्रकरणात तो शब्द ‘जर’ आहे, आणि २०१८ चे वाचन मला त्यामुळेच पटते.

अदृश्य_नव्हे:
शब्दाला धरूनही माणूस खड्ड्यात जातो, हे नम्रपणे नोंदवतो. २०१४ च्या मजकुरात अदृश्यतेचे दोन वेगळे मुद्दे आहेत: दिसत नाही हा एक, आणि तुमच्यावरील वारांना डिसॲडव्हांटेज (दोन फाशांतला लहान आकडा), तुमच्या वारांना ॲडव्हांटेज हा दुसरा. सी इन्व्हिजिबिलिटी मंत्राने समोरचा दिसू लागला तरी दुसरा मुद्दा कायम राहतो, असे क्रॉफर्ड यांनी अक्षरशः वाचून सांगितले. शत्रू डोळ्यांसमोर ढळढळीत उभा, आणि तरी त्याच्यावर वार करताना आपल्याच फाशांना खोट! आमच्या टेबलावर हे कोणीही मानले नाही. २०२४ च्या प्लेयर्स हँडबुक या नियमपुस्तकात तर मजकूरच बदलला असून ज्याला तुम्ही दिसता त्याच्याविरुद्ध हा लाभ मिळत नाही. शील्ड मास्टरमधूनही बोनस ॲक्शन गेली. आता वार लागला की त्याच ओघात ढालीचा तडाखा देता येतो.

पडद्यामागचा:
मान्य. तिथे मीही मंत्राच्या बाजूनेच निकाल देतो. ढालकरी, आपल्या फायटरला एक्स्ट्रा ॲटॅक, म्हणजे एकाच ॲटॅक ॲक्शनमध्ये दुसरा वार, मिळाला असेल तर एक मधला मार्ग सुचवतो: पहिला वार, मग धक्का, मग दुसरा वार. कडक वाचनानुसार सगळे वार संपल्याशिवाय ॲक्शन पुरी होत नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही आमच्याकडे आम्ही हेच चालवतो आणि ते कॅम्पेनच्या, म्हणजे सलग चालणाऱ्या कथेच्या, पहिल्या दिवशीच वहीत लिहून ठेवतो, म्हणजे मध्येच कोणाला मोबाइल काढावा लागत नाही.

ढालकरी:
एक्स्ट्रा ॲटॅक आहे. डीएमला हा धागा दाखवला. त्याने मधला मार्ग मान्य केला, पण गेल्या शनिवारची ती पाळी पुन्हा खेळायची, या अटीवर. ओग्र परत उभा राहिला आहे.