अनुभव धागा: इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल कसा वाचायचा?

संयोजक

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी बाहेर जायचं ठरलं की आयेल्ट्स, पीटीई, टोफेल यांपैकी एखादी परीक्षा द्यावीच लागते. तयारीबद्दल भरपूर लिहिलं जातं. निकाल लागल्यावर मात्र सगळे "ओव्हरऑल किती?" एवढंच विचारतात. मग कुणाचा अर्ज परत येतो, कुणाची फेरतपासणीची मुदत टळते, कुणी गरज नसताना सगळी परीक्षा पुन्हा देतं. शिकवणारे, अर्ज भरून देणारे, बाहेर राहून ही कागदपत्रं बघणारे बरेच जण इथे आहेत. स्वतःच्या निकालाची गोष्ट नको. हाताखालून गेलेल्या निकालपत्रांतून जे पक्कं कळलं, ते आकड्यांसकट लिहा.

हिशेबनीस

आयेल्ट्सचं ओव्हरऑल म्हणजे चार विभागांच्या बँडची (0 ते 9 मधल्या गुणांची) सरासरी, जवळच्या अर्ध्या बँडला नेलेली. पाव आला तर वरचा अर्धा मिळतो, पाऊण आला तर वरचा पूर्ण. सरासरी काढत बसण्यापेक्षा चारही बँडची बेरीज करा. बेरीज 25 ते 26.5 असेल तर ओव्हरऑल 6.5, 27 ते 28.5 असेल तर 7, 29 ते 30.5 असेल तर 7.5 आणि 31 ते 32.5 असेल तर 8.

याचा उपयोग निकालाआधीही होतो. लिसनिंग 7.5, रीडिंग 7, रायटिंग 6, स्पीकिंग 6.5 यांची बेरीज 27, म्हणजे ओव्हरऑल 7. घरी पेढे वाटले जातात. पण विद्यापीठाची अट "ओव्हरऑल 7, कुठल्याही विभागात 6.5 पेक्षा कमी नको" अशी असेल, तर हा निकाल त्या अटीत बसत नाही. अटीचं दुसरं अर्धं वाक्य वाचल्याशिवाय निकाल चांगला की वाईट हे ठरवूच नका.

फळा_खडू

आता प्रत्येक विभागाचा आकडा कुठून येतो ते बघू. लिसनिंग आणि रीडिंगमध्ये प्रत्येकी 40 प्रश्न, प्रत्येक बरोबर उत्तराला एक गुण, चुकीला वजाबाकी नाही. लिसनिंगला साधारण 23 बरोबर म्हणजे 6, 30 म्हणजे 7, 35 म्हणजे 8. अकॅडेमिक (उच्च शिक्षणासाठीच्या परीक्षेच्या) रीडिंगचंही जवळपास तसंच. जनरल ट्रेनिंगच्या (नोकरी-स्थलांतरासाठीच्या परीक्षेच्या) रीडिंगला मात्र 30 बरोबर आले तरी 6 च मिळतात, 7 साठी 34 लागतात. उतारे सोपे, म्हणून मोजपट्टी कडक. अकॅडेमिकच्या सराव-प्रश्नपत्रिकांवर 7 येतात म्हणून जनरलला निर्धास्त बसणाऱ्यांची फसगत इथेच होते. काठिण्यानुसार एखाद-दुसऱ्या गुणाचा फरक पडतो, हेही लक्षात ठेवा.

लिसनिंगचा बँड अपेक्षेपेक्षा खाली आला, तर "ऐकू आलं नाही" हे कारण कमी वेळा असतं. अनेकवचनाचा "एस" सुटलेला असतो, स्पेलिंग चुकलेलं असतं, किंवा "दोनपेक्षा जास्त शब्द नकोत" असं सांगितलेलं असताना तीन लिहिलेले असतात. तिन्ही वेळा उत्तराला शून्य. कागदावरच्या परीक्षेत उत्तरं उतरवायला शेवटी 10 मिनिटं मिळतात, संगणकावर तपासायला फक्त 2. संगणकावर ऐकतानाच स्पेलिंग नीट टाइप करायची सवय हवी.

रायटिंगबद्दल सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडची बहुतेक मुलं तिथेच अडकतात. रीडिंग 8 आणि रायटिंग 6 असं निकालपत्र बघून "तपासणाऱ्यानं अन्याय केला" असं वाटतं. दरवेळी तसं नसतं. दोन टास्कपैकी दुसऱ्याला, म्हणजे 250 शब्दांच्या निबंधाला, पहिल्याच्या दुप्पट वजन असतं. एकूण 60 मिनिटांतली 20 पहिल्याला आणि 40 दुसऱ्याला द्यावीत ती यासाठीच. पहिल्या टास्कचा तक्ता रेखीव लिहिण्यात अर्धा तास गेला की निबंध आटोपता घ्यावा लागतो, आणि जास्त गुणांची बाजू पडते.

प्रत्येक टास्क चार निकषांवर जोखतात आणि चारही सारख्या वजनाचे असतात: विचारलेल्याचं उत्तर दिलं का, मांडणी आणि जोडणी, शब्दसंपदा, व्याकरण. क्लासमधल्या पाठ केलेल्या "टेम्प्लेट"मुळे पहिला निकष बुडतो. प्रश्न "तुम्ही कितपत सहमत आहात?" असा असताना दोन्ही बाजू मांडून स्वतःचं मत न सांगता थांबणं ही नेहमीची चूक. व्याकरणात आपला दुखरा भाग म्हणजे आर्टिकल्स. मराठीत "ए" आणि "द" सारखं काही नसल्यामुळे ती गळतात, आणि ओळीओळीला गळली की वाक्यं कितीही गुंतागुंतीची रचली तरी बँड वर चढत नाही. चाळीस मिनिटांतली शेवटची पाच फक्त नामं तपासायला ठेवा.

स्पीकिंगचं थोडक्यात: 11 ते 14 मिनिटं, निकष चार, आणि मराठी वळणाच्या उच्चाराला गुण कापत नाहीत. समोरच्याला ताण न पडता कळलं पाहिजे. पाठ केलेलं उत्तर मात्र लगेच ओळखू येतं.

हिमरेषा

कॅनडाच्या कायम वास्तव्यासाठी (एक्स्प्रेस एन्ट्री) ओव्हरऑलला काहीच किंमत नाही. तिथे प्रत्येक विभागाचा बँड सीएलबी (कॅनडियन लँग्वेज बेंचमार्क) या कॅनडाच्या मोजपट्टीच्या पायऱ्यांत वेगळा बदलतात. सीएलबी 9 साठी लिसनिंग 8 लागतं, बाकी तिन्ही 7. लिसनिंग 7.5, रीडिंग 8.5, रायटिंग 7.5, स्पीकिंग 7.5 असा निकाल घ्या. बेरीज 31, ओव्हरऑल 8. तरीही लिसनिंगमुळे सीएलबी 8 वर अडकला. उलट 8, 7, 7, 7 चं ओव्हरऑल फक्त 7.5, आणि तो सीएलबी 9 ला पोचला. शिवाय यासाठी जनरल ट्रेनिंगचीच परीक्षा हवी, अकॅडेमिकचा निकाल कितीही चांगला असला तरी चालत नाही.

शुश्रूषा

परिचारिकांसाठी. ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलला आयेल्ट्स अकॅडेमिकमध्ये रीडिंग, लिसनिंग, स्पीकिंग प्रत्येकी 7 आणि रायटिंग 6.5 लागतं. त्याऐवजी ओईटी (आरोग्यक्षेत्रातल्यांसाठीची इंग्रजीची परीक्षा) दिली तर त्याच तीन विभागांत बी श्रेणी, म्हणजे किमान 350, आणि रायटिंगला सी प्लस, म्हणजे 300. ओईटीच्या निकालात ओव्हरऑल नसतंच, 0 ते 500 मधले चार स्वतंत्र आकडे असतात. रायटिंगमध्ये रुग्णाच्या नोंदींवरून पत्र लिहायचं असतं. तिथे गुण जातात ते बहुधा सगळ्या नोंदी जशाच्या तशा उतरवल्यामुळे. पत्र वाचणाऱ्याला काय हवं ते निवडणं हाही एक निकष आहे.

फेरतपास

आयेल्ट्सचा निकाल पटला नाही तर दोन वाटा आहेत. पहिली फेरतपासणी: परीक्षेच्या तारखेपासून सहा आठवड्यांच्या आत अर्ज करायचा. निकालाच्या तारखेपासून नव्हे, हे अधोरेखित करून ठेवा. पैसे आधी भरावे लागतात, बँड वाढला तर परत मिळतात. लिसनिंग-रीडिंगची उत्तरं ठरलेली असल्यामुळे तिथे हालचाल क्वचित. रायटिंग-स्पीकिंग माणसं तपासतात, म्हणून बाकी तिन्ही 7.5 च्या पुढे आणि एकटं रायटिंग 6 असेल तर अर्ज करण्यात अर्थ आहे. चारही 6 च्या आसपास असतील तर पैसे वाचवा.

दुसरी वाट म्हणजे एकाच विभागाची पुन्हा परीक्षा. मूळ परीक्षा संगणकावर दिलेली हवी आणि पुन्हा द्यायची परीक्षा मूळ परीक्षेच्या तारखेपासून 60 दिवसांच्या आत द्यावी लागते. नव्या निकालपत्रात बाकीचे तीन बँड जुनेच राहतात. सगळ्याच संस्था हे निकालपत्र मानत नाहीत. पैसे भरण्याआधी त्या संस्थेकडून ईमेलनं लेखी उत्तर घ्या.

दक्षिणगोल

पीटीईवाल्यांनी सरासरी काढू नका. 10 ते 90 मधला ओव्हरऑल आकडा चार कौशल्यांची सरासरी नसतोच. काही प्रश्न दोन कौशल्यांत मोजले जातात. ऐकून वाक्य लिहायच्या प्रश्नाचे गुण लिसनिंग आणि रायटिंग दोन्हीकडे जातात, म्हणून रायटिंग पडलं की आधी तो प्रश्न तपासा. ऑस्ट्रेलियाच्या व्हिसासाठी इंग्रजीच्या "प्रोफिशियंट" (प्रवीण) पातळीला पूर्वी सगळीकडे 65 पुरायचे. 7 ऑगस्ट 2025 पासून दिलेल्या परीक्षेला लिसनिंग 58, रीडिंग 59, रायटिंग 69, स्पीकिंग 76 लागतात. जुन्या व्हिडिओंमधला 65 आता विसरा.

टोफेलचंही माप बदललं आहे. 21 जानेवारी 2026 पासून 1 ते 6 अशी अर्ध्या-अर्ध्या पायऱ्यांची मोजणी आहे, आणि 120 पैकीचा तुलनात्मक आकडा सध्या सोबत छापतात. अर्जात विद्यापीठ कुठला आकडा मागतंय ते बघून भरा.

पासपोर्टपान

आकड्यांआधी निकालपत्रावरचं नाव बघा. आपल्या पासपोर्टात "गिव्हन नेम"मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, आडनाव वेगळ्या रकान्यात. परीक्षेचा अर्ज भरताना मधलं नाव गाळलं किंवा लग्नानंतरचं आडनाव टाकलं आणि पासपोर्ट जुनाच राहिला, तर विद्यापीठाच्या पडताळणीत अडकतं. चूक दिसताच त्याच दिवशी परीक्षा केंद्राला कळवा.

निकालपत्राचा क्रमांक झाकल्याशिवाय फोटो कुठेही टाकू नका, त्यावरूनच संस्था निकाल पडताळतात. आणि निकालाची दोन वर्षांची मुदत परीक्षेच्या दिवसापासून मोजा. कॅनडाच्या अर्जात तर प्रोफाइल भरताना आणि अंतिम अर्ज पाठवताना, दोन्ही दिवशी निकाल जिवंत असावा लागतो.