प्रतिसाद: मुख्याध्यापकाला वेगळी पदवी कशाला?

वीस-पंचवीस वर्षं शिकवलेल्या माणसाला शाळा चालवायची पदवी कशाला, असं वर म्हटलंय. मला अजिबात पटत नाही. खासगी अनुदानित शाळांत १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीप्रमाणे मुख्याध्यापकपद मुख्यतः ज्येष्ठतेनं मिळतं. काल सातवी ‘ब’ला गणित शिकवणारे सर आज संचमान्यता (शाळेला किती शिक्षक मंजूर, त्याचा हिशेब), शालार्थ या ऑनलाइन पगारप्रणालीची बिलं, सेवापुस्तकं, पोषण आहाराच्या नोंदी घेऊन बसतात. लिपिक चांगला असला तर तेवढं निभावतं. खरी अडचण पुढची. मागच्या बाकावर बसून सहकाऱ्याचा तास बघायचा आणि नंतर त्याला न दुखावता नेमकं सांगायचं, हे किती जणांना जमतं? ‘छान झालं’ म्हणून उठणारेच जास्त बघितलेत. हे शिकावं लागतं.

मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका नोकरी सांभाळून होते, पण दूरशिक्षणात हा सराव अवघड. शिवाजी विद्यापीठाच्या पातळीवर पदव्युत्तर अभ्यासक्रम आखायचा तर एक सत्र कोल्हापूर जिल्ह्यातल्या भुदरगड-शाहूवाडीच्या शाळांत, मुरलेल्या मुख्याध्यापकाच्या हाताखाली हवंच. शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईकांनी मौनी विद्यापीठ याच भुदरगडात, गारगोटीला उभारलं, ते खेड्यातल्या शिक्षणासाठीच. आणि संस्थांनी पगारी अभ्यासरजा द्यावी, नाहीतर प्रवेश घेणार कोण?